झोपाळूची क्रेन

शहर बघायचं असेल तर डावीकडून सुरुवात करायची. मी सगळ्यांना हेच सांगतो. उजवीकडून केली की आधी तेलाच्या टाक्या लागतात, आणि तेलाच्या टाक्या बघून आजवर एकाही माणसाचं मन प्रसन्न झालेलं नाही.

बंदराच्या तोंडाशी जुना मनोरा आहे, त्याच्या सगळ्यात वरच्या गच्चीवर मी उभा असतो. एकशे चौऱ्याण्णव पायऱ्या. लिफ्ट नाही. विचारू नका, सगळे विचारतात. पूर्वी इथून जहाजांना झेंडे दाखवायचे. आता जहाजांना झेंड्यांची गरज राहिली नाही, तेव्हा बंदराच्या कचेरीनं इथे एक मोठी दुर्बीण बसवली, कठडा रंगवला आणि मला उभं केलं. दिवसाला चार खेपा. दर खेपेला पंचवीस-तीस माणसं धापा टाकत वर येतात, आणि मी वीस मिनिटांत त्यांना अख्खं शहर दाखवून खाली पाठवतो. अकरा वर्षं झाली. लोक मला मनोरेवाले काका म्हणतात. माझं तोंड चालतं हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ही जागा मिळाली.

तोंड चालतं. तेच तर दुखणं आहे.

गेल्या सोमवारची अकराची खेप मला नको होती. त्या खेपेला क्रेन शिकणाऱ्यांची नवी तुकडी यायची होती. दरवर्षी येते. त्यांचे मास्तर पहिल्या दिवशी त्यांना आधी माझ्याकडे आणतात, कारण ज्या गोदीत जन्म काढायचा ती एकदा वरून बघून घ्यावी असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर आहे. पण यंदा तुकडीत माझी पुतणी होती. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची एकुलती एक मुलगी. घरात आम्ही तिला मुंगी म्हणतो, कारण चालायला लागल्यापासून ती कपाटावर, खिडकीवर, जिन्याच्या कठड्यावर, जिथे चढता येईल तिथे चढत आली. आणि मनोऱ्यावर मी रोज चार वेळा जे सांगतो, ते तिच्या कानावर पडलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

काय सांगतो ते सांगतो. थोडं मागे जावं लागेल.

दादा क्रेन चालवायचा. लाल रंगाची, सात नंबरची. पंधरा वर्षं त्या क्रेनवर, एकदाही बोट ठेवायला जागा नाही. वडील लवकर गेले, तेव्हा दादानंच मला वाढवलं, शिकवलं, आणि माझं शिक्षणात काही लक्ष नाही हे कळल्यावर चार लोकांचे पाय धरून मला गोदीत चिकटवलं. त्याच्याच क्रेनखाली. मी त्याचा सिग्नलवाला.

हे काम नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. क्रेनवाला उंचावर बसतो. जहाजाच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तिथे माणसं आहेत की नाहीत, माल कुठे टेकतोय, काहीही नाही. त्याला दिसतो फक्त जहाजाच्या काठावर उभा असलेला सिग्नलवाला, आणि त्याचेसुद्धा फक्त हात. मूठ मिटली की थांब. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. बस. ओरडून उपयोग नाही, त्या गोंगाटात देवाचा आवाजही वर पोचायचा नाही. म्हणून पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. वर माल लटकत असेल तोवर हात तुझे नाहीत, क्रेनवाल्याचे आहेत. नाक खाजवायचं नाही. कुणाला हात करायचा नाही. माशी बसली तर बसू दे.

सतरा वर्षांपूर्वी, दुपारी पावणेतीन वाजता, वर लोखंडी पाइपांची मोळी लटकत होती. खाली जहाजाच्या पोटात पाच माणसं होती. चार बाजूला झाली होती, पाचवा अजून सरकत होता. माझी मूठ मिटलेली हवी होती. तेवढ्यात धक्क्यावर चहावाला आला आणि खालून ओरडला, "किती?"

मी त्याला डाव्या हाताची पाच बोटं दाखवली. आणि उजव्या हाताचं बोट खाली करून, जहाजाच्या पोटाकडे फिरवून म्हणालो, "खाली! खालच्यांना पाच!"

दादानं माल उतरवला.

त्यानं दुसरं काय करायचं होतं? मी सांगितलं, त्यानं ऐकलं. मोळीचं एक टोक काठाला अडकलं, मोळी कलली आणि पाइप सुटले. मी मूठ मिटली तेव्हा दादानं एका श्वासात क्रेन थांबवली. झोपलेला माणूस एका श्वासात क्रेन थांबवत नाही, हे चौकशीत एकालाही सुचलं नाही. खालच्या पाचव्या माणसाचा पाय गुडघ्याखाली गेला. तो पुढे बहिणीच्या गावी राहायला गेला म्हणतात. मी कधी भेटायला गेलो नाही.

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. माझं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, आणि नोकरी अजून कच्ची. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "छोट्या, तू गप्प बस. मी बघतो." मग तो आत गेला. "सिग्नलवाल्यानं काय खूण केली?" असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाला, "बघितली नाही साहेब. डोळा लागला होता. हात पडला असेल दांड्यावर."

त्याचा हिशोब सरळ होता. पंधरा वर्षांची चांगली नोकरी, दोन-तीन महिने घरी बसवतील. मला मात्र कायमचं हाकललं असतं, कदाचित आतही टाकलं असतं. हिशोब चुकला. साहेबांना त्या वर्षी कुणाला तरी शिक्षा करून उदाहरण घालून द्यायचं होतं. दादाला काढलं, आणि दुसऱ्या कुठल्या गोदीनं त्याला उभं केलं नाही. झोपणारा क्रेनवाला कोणाला हवा असतो?

आणि मी गप्प बसलो. दादानं सांगितलं म्हणून गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. मला गप्प बसायचंच होतं, त्यानं फक्त सोय करून दिली.

दादा आता घरी पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. तांब्याची तार गुंडाळतो. हात इतका स्थिर, की बघत राहावं. पूर्वी पहिल्या पाळीहून आला की जेवून दुपारी तासभर ताणून द्यायचा, तीच त्याची एकमेव चैन. त्या दिवसानंतर मी त्याला दुपारी आडवा झालेला पाहिला नाही. एकदा सणसणीत ताप होता, तरी खुर्चीत ताठ बसून. वहिनी म्हणाली, "पडा हो जरा." तर म्हणतो, "नको. कोणी आलं तर म्हणेल, बघा, झोपलाच."

वहिनीचं तर विचारूच नका. अपघाताच्या आदल्या रात्री मुंगीला ताप होता, पाच वर्षांची होती ती. वहिनीनं दादाला उठवून पोरीला त्याच्या खांद्यावर दिलं होतं. त्यावरून वहिनी दर दोन-चार महिन्यांनी पोळी वाढता वाढता माझ्याजवळ बोलायची, "भाऊजी, त्या रात्री मी यांना झोपू दिलं असतं तर हा दिवस आला नसता हो." मी ताटात बघत जेवायचो. दर रविवारी जेवायचो. ताटातलं सगळं संपवायचो.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान नुसता भित्रा ठरलो असतो. पण माझं तोंड चालतं ना.

कंटेनर आले, सिग्नलवाल्यांची गरज संपली, मला मनोऱ्यावर पाठवलं. जुन्या धक्क्यावरच्या सगळ्या क्रेन कापून भंगारात गेल्या, आठवण म्हणून एक ठेवली. नेमकी सात नंबरची. पहिल्याच महिन्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, ती लाल क्रेन कसली? माझ्या शेजारी कचेरीतले एक साहेब उभे होते. म्हणाले, "ती झोपाळूची क्रेन." लोक हसले आणि माझ्याकडे बघायला लागले, पुढे काय म्हणून. मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "ड्रायव्हर भर दुपारी असा झोपला, असा झोपला, की त्याच्या घोरण्याला गोदीचा भोंगा समजून बाहेरच्या तीन बोटी आत शिरल्या!"

सगळी गच्ची हसली. साहेबांनी पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालो. मग त्यात कठड्यावर डोकं टेकून घोरून दाखवणं आलं. लोक उतरताना जिन्यात तेच बोलत जायचे. नाव मी कधी घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे भावाबद्दल बोललो नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. रोज चार वेळा, अकरा वर्षं. मास्तरांना तर ती गोष्ट इतकी आवडली, की दरवर्षी आपल्या तुकडीला ऐकवायला लावायचे. बघा रे, वर डुलकी काढली की असं होतं म्हणून.

मुंगी क्रेनच्या प्रवेशपरीक्षेत पास झाली तो रविवार मला आठवतो. मी जेवत होतो. वहिनीच्या डोळ्यांत एकदम पाणी. दादा हातातल्या मोटारीकडे बघत म्हणाला, "वर बसल्यावर फक्त हाताकडे बघायचं. तोंडाकडे बघायचं नाही. माणसाचं तोंड काहीही बोलतं."

मुंगी मला म्हणाली, "काका, पहिल्या दिवशी आम्हाला तुमच्या मनोऱ्यावर आणणार आहेत! मी अजून एकदाही आले नाहीये, माहितीये?"

"अगं, मग बरंच झालं," मी म्हणालो.

दादाचा तार गुंडाळणारा हात थांबला होता. मग परत चालू झाला.

सोमवारी मी सकाळीच कचेरीत जाऊन पोट दुखतंय म्हणून सांगितलं. बदली माणूस सुट्टीवर. "काका, तुमचं पोट दुखू शकतं, तोंड तर ठीक आहे ना?" म्हणून सगळे हसले. मग मी ठरवलं, लाल क्रेन गाळायची. सोपं आहे. डावीकडून सुरुवात करायची, जुन्या धक्क्याशी आलं की बोटीकडे बोट दाखवायचं आणि पुढे सरकायचं.

अकरा वाजता तुकडी वर आली. अठरा जण, त्यात चार मुली. मुंगी सगळ्यात पुढे, तिला दम लागलेलाच नाही. मला बघून हसली. निळा गणवेश, केस घट्ट बांधलेले. दादाची हनुवटी.

"डावीकडून सुरुवात," मी म्हणालो. "तो लांबवर दगडी बांध दिसतोय, तो समुद्राला सांगतो की बाबा, चप्पल बाहेर काढ. त्याच्या आत पाणी शांत. बांधाच्या टोकाला दिवा, त्याच्यामागे मासेवाल्यांचा धक्का. पत्र्याचं ते लांब छप्पर म्हणजे लिलावाची शेड. पहाटे पाचला तिथे जी भांडणं होतात, ती ऐकली तर संसदेत बसलेल्यांना लाज वाटेल. त्याच्यामागे दोरवाल्यांची गल्ली. गल्ली एवढी सरळ का? कारण दोर वळायला सरळ जागा लागते, वाकड्या गल्लीत वाकडा दोर होतो. मग तो घड्याळाचा टॉवर, कस्टमचा. घड्याळ सात मिनिटं मागे आहे. कस्टमवाल्यांना घाई कधीच नव्हती."

हसले. पोरं चांगली होती. मी पुढे सरकलो. धान्याच्या बारा उंच टाक्या. तिथली कबुतरं इतकी लठ्ठ, की उडताना हवेचीही दया यावी. त्यांच्यापलीकडे जहाजं दुरुस्त करायचा खड्डा, आणि खड्ड्यात उभं असलेलं गंजलेलं जहाज. पाण्याबाहेर काढलं की जहाज कपडे काढलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. समोर नवी गोदी, निळ्या-पिवळ्या कंटेनरच्या थप्प्या, आणि वर त्या नव्या उंच क्रेन. "तिथे तुम्ही बसणार. इथून बघितलं की आत माणूस आहे हेच कळत नाही. घरच्यांनी हात केला तर उलटा हात करायचा नाही, आधीच सांगून ठेवतो."

मग जुना धक्का आला. लाल क्रेन उन्हात उभी.

"आणि ती बघा, पलीकडच्या तीरावर जाणारी बोट," मी म्हणालो. "दर वीस मिनिटांनी सुटते."

"अहो काका!" मास्तर म्हणाले. "झोपाळू राहिला!"

"आज वेळ कमी आहे साहेब."

"वेळ? बाकी सगळं गाळा आणि तेवढंच सांगा. यांना वर आणलंय कशाला?"

"राहू द्या ना. रोजचंच आहे ते."

"काकांचा मूड नाही वाटतं. बरं, मीच सांगतो. मला पाठ आहे." आणि मास्तरांनी सांगितलं. शब्दन् शब्द. असा झोपला, असा झोपला. भोंगा, तीन बोटी. कठड्यावर डोकं टेकून घोरून दाखवलं, तेही अगदी माझ्यासारखं, आधी शिट्टी आणि मग घरघर. माझं घोरणं मी पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. सतरा जण हसले.

मुंगी म्हणाली, "ते माझे वडील आहेत."

मास्तर कठड्यापासून सरळ झाले. बिचाऱ्यांचा चेहरा पडला. "अगं... मला खरंच ठाऊक नव्हतं गं. म्हणजे ही गोष्ट माझी नाहीच. ही काकांची गोष्ट आहे. मी दरवर्षी यांच्याकडूनच ऐकतो."

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. "काका?"

तेव्हासुद्धा, सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की काहीतरी विनोद करावा आणि वेळ मारून न्यावी. जिभेवर आलाही होता. मी असा माणूस आहे. पण ती दादाची हनुवटी समोर होती.

"तो झोपला नव्हता," मी म्हणालो.

कोणीतरी मागून फिसकन हसलं. त्याला वाटलं, विनोदाचा पुढचा भाग येतोय.

"हसू नकोस रे. तो टक्क जागा होता. त्याचा सिग्नलवाला मी होतो. वर पाइप लटकत होते आणि मी चहावाल्याला हातानं सांगत होतो की खालच्यांना पाच चहा दे. बोट खाली करून सांगितलं. त्यानं माझं बोट बघून माल उतरवला. एका माणसाचा पाय गेला. चौकशीत माझ्या भावानं मला वाचवायला सांगितलं की डोळा लागला होता, आणि मी ते सांगू दिलं. नंतर या गच्चीवर येऊन त्याच्यावर लोकांना हसवलं. झालं, एवढंच आहे."

"काका, असू द्या," मास्तर हळूच म्हणाले. "मला हे कचेरीत सांगावं लागेल, कळतंय ना तुम्हाला?"

"सांगा."

मुंगी माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. "कुठला हात?"

"उजवा."

"दाखवा. तेव्हा जसा होता तसा."

मी हात पुढे केला. बोट खाली. थोडं फिरवलं. ती त्या हाताकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही.

"उतरव," ती म्हणाली. "मीसुद्धा उतरवलं असतं."

"हो."

"आणि ती झोपाळूची गोष्ट तुम्ही रोज सांगता?"

"चार वेळा."

ती म्हणाली, "सहावीत असताना आमची सहल इथे आली होती. बाबांनी मला येऊ दिलं नाही. सातवीतही नाही. मी केवढी रडले होते. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही. म्हणाले, पायऱ्या फार आहेत." तिनं खाली बघितलं. "मला! पायऱ्या फार आहेत म्हणून!"

ती वळली आणि जिन्याकडे गेली. तुकडी तिच्यामागे गेली. एकानंही मागे वळून बघितलं नाही.

मला आधी ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा मी दुर्बिणीच्या खांबाला धरून खाली बसलो. दादाला ठाऊक होतं. गोदीतल्या कुणीतरी जाऊन सांगितलं असेल, बंदरात अशा गोष्टी लपतात कुठे? त्याला सहावीच्या सहलीपासून ठाऊक होतं की मी वर उभा राहून काय बोलतो. आणि तरी दर रविवारी तो मला म्हणायचा, छोट्या, अजून एक पोळी घे.

दुपारची खेप मी केली नाही. किल्ली खाली दिली आणि चढ चढून दादाच्या घरी गेलो. दादाचं घर शहरामागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे. मनोऱ्यावरून स्पष्ट दिसतं. मी लोकांना सगळं शहर दाखवतो, पण दुर्बीण त्या टेकडीकडे कधी वळवली नाही. तिकडे बघण्यासारखं काही नाही, असं सांगायचो.

अडीच वाजले होते. दादा खिडकीजवळ खुर्चीत ताठ बसून मोटारीवर तार गुंडाळत होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "अगं बाई, भाऊजी? आज सोमवारी? जेवलात का?"

"दादा," मी म्हणालो, "मी सांगून आलो. मुंगीसमोर, सगळ्यांसमोर."

दादानं तार सोडली नाही. "काय सांगून आलास?"

"खरं ते. चहावाला, बोट, सगळं. तू झोपला नव्हतास ते."

वहिनीच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "झोपले नव्हते? म्हणजे काय?"

मला वहिनीलाही सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं जात नाही, उगाच लोक म्हणतात. मी उभ्यानंच सांगितलं, बसायची हिंमत झाली नाही. मला वाटलं वहिनी ओरडेल, हाकलेल. मला ते हवं होतं. तिनं सगळं ऐकलं आणि दादाकडे वळून विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

दादानं मान वर केली. "तुझ्यामुळे?"

"मी तुम्हाला त्या रात्री उठवलं म्हणून नाही?"

"अगं, कोण म्हणालं तुझ्यामुळे? असं कधी कोणी म्हणालं?" दादा तिच्याकडे बघतच राहिला. सतरा वर्षांत त्याला ते कळलं नव्हतं. ती त्याच्याजवळ कधी बोललीच नव्हती. ती बोलायची ती माझ्याजवळ.

मग दादानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "हिनं हे तुला सांगितलं होतं?"

"हो."

"आणि तू ऐकून घेतलंस."

"हो दादा."

दादानं मोटार टेबलावर ठेवली. तारेचं टोक नीट वळवून आत खोचलं, सुटू नये म्हणून. "मी तुला गप्प बस म्हणालो होतो," तो म्हणाला, "पण एवढा?"

मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर त्यानं पाय मागे घेतले.

"उशी दे गं जरा," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीला आधी कळलंच नाही. मग ती आत गेली आणि उशी घेऊन आली. दादा खुर्चीतून उठला, भिंतीजवळच्या पलंगावर आडवा झाला, तोंड भिंतीकडे केलं. भर दुपारी. खिडकी सताड उघडी, समोरून माणसं जात होती.

"तू आता जा," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "जाताना दार ओढून घे. उजेड येतो."

मी दार ओढलं आणि पायरीवर बसलो. जायला पाहिजे होतं, पाय उचलेनात. खाली सगळं शहर पसरलं होतं. बांध, घड्याळाचा टॉवर, टाक्या, जुना धक्का आणि त्यावरची लाल क्रेन. सगळं माझ्या मनोऱ्यावरून दिसतं तसंच, फक्त उलट्या बाजूनं. मी दाराला कान लावला. आत दादा झोपला होता. श्वास लहान मुलासारखा संथ चालू होता, आणि बाकी आवाज नव्हता.

दादा घोरत नाही. कधीच घोरला नाही. अठरा वर्षं मी त्याच्या शेजारी एका पलंगावर झोपलोय. मला माहीत होतं.